रजा संपवून कामावर रुजू होताना : दूध काढण्याचा वेळ कोणाच्या हिशेबात धरायचा?

शाईपेन

नमस्कार. तीन आठवड्यांनी माझी प्रसूती रजा संपते आहे. मुलगी त्या वेळी पाच महिने पूर्ण करून सहाव्यात असेल. आजवर ती केवळ अंगावरच पिते आहे. पहिले सहा महिने निव्वळ आईचे दूध आणि त्यानंतर पूरक आहाराच्या जोडीने दोन वर्षांपर्यंत किंवा त्याहूनही पुढे स्तनपान चालू ठेवावे, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस मला जमेल तितकी पाळायची आहे. जाण्यायेण्याचा वेळ धरून मी रोज सुमारे नऊ तास घराबाहेर असेन. माझे काम खिडकीवर बसून लोकांची कागदपत्रे तपासण्याचे असल्यामुळे समोर माणूस उभा असताना जागेवरून उठता येत नाही.

कार्यालयाला मी आधीच पत्र लिहिले होते आणि उत्तर अपेक्षेपेक्षा चांगले आले. तिसऱ्या मजल्यावरची, पूर्वी जुनी दप्तरे ठेवण्यासाठी वापरली जाणारी एक लहान खोली ते रिकामी करून देत आहेत. खोलीला आतून कडी आहे, खुर्ची आणि विजेची जोडणी आहे. यापलीकडे काय मागून घ्यावे, हे अनुभवी मंडळींना विचारायचे आहे. काढलेले दूध सर्वांच्या फ्रिजमध्ये ठेवले तर चालते का, की स्वतंत्र फ्रिज मागावा? हात धुण्याची सोय खोलीतच असावी असा आग्रह धरावा का? दारावर पाटी लावून घ्यावी, की त्यामुळे उगाच लक्ष वेधले जाईल? एकदा मागण्या मांडल्या की पुन्हा पुन्हा जाणे बरे दिसत नाही, म्हणून सारे एकदाच लिहून द्यावे असा विचार आहे.

दुसरीखेप

तुमचे सारे प्रश्न खोलीविषयी आहेत आणि वेळेविषयी एकही नाही. तुम्ही स्वतःच लिहिले आहे की समोर माणूस असताना उठता येत नाही. मग तिसऱ्या मजल्यावर जाणार केव्हा?

माझ्या पहिल्या बाळाच्या वेळी आमच्याकडेही खोली होती, आणि ती उत्तम होती. पडदे होते, आरामखुर्ची होती, लहानसा फ्रिजसुद्धा होता. मात्र त्या खोलीत जाण्यासाठी मला दर वेळी कोणाला तरी विचारावे लागे. कोणी नाही म्हणाले, असे एकदाही घडले नाही. 'हे एवढे संपवून जा' असे मात्र रोज घडले. सकाळच्या अकराचे साडेबारा होत, दुपारच्या अडीचचे चार. दिवसातून तीनदा दूध काढण्याचे ठरवले होते, ते दोनदा झाले, मग एकदाच. दोन महिन्यांत दूध जवळजवळ आटले आणि ते आपोआप आटले असेच सर्वांना, अगदी मलासुद्धा, वाटले. त्यात कोणाचा दोष आहे असे कोणाच्याही मनात आले नाही. वार्षिक अहवालात त्या खोलीचे छायाचित्र मात्र छापून आले.

दुसऱ्या खेपेस मी खोलीबद्दल काही बोललेच नाही. सव्वाअकरा आणि अडीच या दोन वेळांना माझे काम कोण पाहणार, त्याचे नाव आठवड्याच्या कामवाटपाच्या तक्त्यात लिहिलेले असावे, एवढेच मागितले. साहेबांना ते फारच किरकोळ वाटले आणि त्यांनी लगेच होकार दिला. नाव तक्त्यात गेल्यापासून विचारणे संपले, कारण वेळ झाली की ती व्यक्तीच माझ्याजवळ येऊन उभी राहू लागली. त्या वेळी खोली म्हणजे सभागृहामागची अडगळ होती, आणि तरीही ते दूध तेरा महिने टिकले.

समुपदेशिका

मी स्तनपान समुपदेशनाचे काम करते. दुसरीखेप यांनी 'आटले' असे लिहिले आहे, त्यामागचे कारण सांगते, म्हणजे वेळेचा आग्रह हा हट्ट वाटणार नाही.

बाळंतपणानंतरच्या पहिल्या दिवसांत दूध संप्रेरकांच्या जोरावर येते, पण पुढे ते मुख्यतः किती निघते त्यावर ठरते. स्तन भरून राहिले की साचलेले दूधच पुढच्या निर्मितीला लगाम घालते. एखाद्या दिवशी उशीर झाला तर शरीर ते सहज सावरून घेते. पण रोजच दीड-दोन तास उशीर होऊ लागला, तर शरीर असे समजते की बाळाला आता तेवढे दूध नको आहे. दुसरी गोष्ट पान्ह्याची. पान्हा ऑक्सिटोसिन या संप्रेरकामुळे फुटतो आणि घाई, संकोच, दारावरची थाप यांमुळे तो अडतो. म्हणून घाईत काढलेली दहा मिनिटे आणि निवांतपणे काढलेली दहा मिनिटे यांतून निघणारे दूध सारखे नसते. पंप वापरणार असाल तर प्रत्यक्ष दूध काढायला पंधरा ते वीस मिनिटे, आणि पंप जोडणे, धुणे व जाणे-येणे धरून अर्धा तास, असा हिशेब मांडा. तिसऱ्या मजल्याची चढउतारही त्यातच आली.

किती दूध लागेल याची धास्ती अनेकींना असते. एक ते सहा महिन्यांचे बाळ दिवसभरात सरासरी ७५० ते ८०० मिलिलिटर दूध पिते. त्याला २४ ने भागून नऊने गुणले, तर तुमच्या अनुपस्थितीत साधारण ३०० मिलिलिटर, म्हणजे शंभर-शंभरचे तीन भाग पुरावेत. फ्रीझर गच्च भरून ठेवलेला असलाच पाहिजे, हा समज निष्कारण घाबरवणारा आहे. पहिल्या दिवसापुरते आणि थोडे हाताशी एवढे पुरते. त्यानंतर आज काढलेले दूध उद्या द्यायचे.

साठवणुकीविषयी : ताजे काढलेले दूध २५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानात चार तास, फ्रिजमध्ये चार दिवस आणि फ्रीझरमध्ये साधारण सहा महिने चांगले राहते. बर्फाच्या पिशव्या घातलेल्या थर्मल बॅगेत ते २४ तासांपर्यंत टिकते. म्हणून स्वतंत्र फ्रिज मिळाला नाही तरी अडत नाही. सर्वांच्या फ्रिजमध्येही ते खुशाल ठेवावे. ते अन्न आहे, आणि त्याला झाकण व तारखेची चिठ्ठी यापलीकडे कोणताही वेगळा सोपस्कार लागत नाही. एकदा वितळलेले दूध पुन्हा गोठवू नये आणि मायक्रोवेव्हमध्ये तापवू नये, कारण ते एकसारखे तापत नाही व बाळाचे तोंड भाजू शकते. बाळाने तोंड लावलेले उरलेले दूध दोन तासांत संपवावे किंवा टाकून द्यावे.

हात धुण्याची सोय खोलीतच हवी असे नाही, पण ती जवळ असावी. पंपाचे भाग थेट सिंकमध्ये न ठेवता त्यासाठी राखलेल्या वेगळ्या भांड्यात धुवावेत. आणि खोली म्हणून कोणी स्वच्छतागृहातला कोपरा दाखवला, तर ते अजिबात मान्य करू नये.

हजेरीपट

मी एका मध्यम आकाराच्या संस्थेत आस्थापना विभागात आहे, त्यामुळे टेबलाच्या पलीकडची बाजू मांडतो.

पहिली गोष्ट अशी की हा विषय आमच्यासाठी नवा असला तरी जगासाठी नवा नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९१९ साली, म्हणजे स्थापनेच्याच वर्षी, मातृत्व संरक्षणाचा जो करार केला, त्यात अंगावर पाजणाऱ्या स्त्रीला कामाच्या वेळातच दिवसातून दोनदा अर्धा-अर्धा तास देण्याची तरतूद होती. १९५२ च्या करारात हा वेळ कामाचा वेळ धरून त्याचे वेतन द्यावे असे आले, आणि २००० सालच्या १८३ क्रमांकाच्या करारात तेच तत्त्व कायम राहिले. शिवाय सुट्यांऐवजी रोजचे कामाचे तास कमी करण्याचाही पर्याय आला. त्याच वर्षीच्या १९१ क्रमांकाच्या शिफारशीत म्हटले आहे की दोघांची संमती असेल आणि शक्य असेल, तर या सुट्या एकत्र करून दिवसाच्या सुरुवातीला किंवा शेवटी तेवढे तास कमी करता यावेत. स्वच्छ सोयीची जागा कामाच्या ठिकाणी किंवा जवळपास असावी, हेही त्या शिफारशीतच आहे. प्रत्येक देशाने हे करार स्वीकारलेले नाहीत आणि प्रत्येकाचा कायदा निराळा आहे. तेव्हा रुजू होण्यापूर्वी आपल्याला लागू असलेला नियम वाचून घ्यावा. क्रम मात्र पाहण्यासारखा आहे : वेळ १९१९ सालीच करारात आला, जागेची गोष्ट पुढे निघाली. आम्ही आस्थापनावाले नेमके उलटे करतो. खोली एकदा दिली की काम झाले असे वाटते. वेळ रोज द्यावा लागतो.

दुसरी गोष्ट पत्राची. 'मला सहकार्य मिळावे' असे लिहू नका, कारण त्याला 'अवश्य' एवढेच उत्तर येते. कोणत्या दोन वेळा, प्रत्येकी किती मिनिटे, कोणत्या तारखेपासून, त्या वेळी खिडकीवर कोण बसेल आणि याचा आढावा कधी घेऊ, हे लिहा. माझ्यासारख्या माणसाला अशा पत्रावर सही करणे सोपे जाते. मोघम पत्रावर आम्ही बैठक बोलावतो.

स्पष्टवक्ता

माझे मत कदाचित रुचणार नाही. तक्त्यात ज्या व्यक्तीचे नाव येते, ती व्यक्ती बहुधा मीच असते. मला मूल नाही, म्हणून मला 'वेळ असतो' असे गृहीत धरले जाते. मागच्या वर्षी आठ महिने मी सहकारिणीच्या जागी रोज तासभर बसले. त्या तासात माझे स्वतःचे काम कोणी केले नाही. ते मी संध्याकाळी थांबून केले, आणि वर्षअखेरीच्या मूल्यमापनात 'प्रलंबित प्रकरणे अधिक' असा शेरा मिळाला. मला त्या सहकारिणीचा राग नाही. तिचा हक्क मला मान्य आहे, पण त्याचा खर्च शेजारच्या टेबलाने परस्पर का उचलावा?

दुसरीखेप

स्पष्टवक्ता, तुमची तक्रार रास्त आहे, आणि माझ्या प्रतिसादात ती बाजू राहून गेली होती. माझ्याजागी बसणाऱ्या मुलीनेही तिसऱ्या आठवड्यात हेच सांगितले. तेव्हा तिच्या दिवसाच्या उद्दिष्टातून तेवढा वेळ वजा करून घेण्यासाठी आम्ही दोघी मिळून गेलो. मी एकटी गेले असते तर ते माझे 'आणखी एक मागणे' ठरले असते. बदलीचे काम हे उपकार म्हणून न राहता काम म्हणून नोंदले गेले पाहिजे. नाहीतर आईच्या मनावर सहकाऱ्याचे ओझे येते आणि ती स्वतःहूनच जाणे कमी करते. माझ्या पहिल्या खेपेस तेही घडले होते, हे आता तुमचे वाचताना लक्षात आले.

रात्रपाळी

मी कारखान्यात लाइनवर उभी राहून काम करते. तुमची चर्चा वाचून थोडे हसू आले, रागावू नका. लाइन थांबवता येत नाही, म्हणून आमच्याकडे रिलिव्हर असतो. कोणाला स्वच्छतागृहात जायचे असले तरी तो येऊन जागा घेतो आणि मगच माणूस हलतो. त्या रिलिव्हरचे कामच ते असते, त्यासाठीच त्याला पगार मिळतो. त्याच्यावर कोणी उपकाराचा भार टाकत नाही. मला दूध काढायला जायचे होते तेव्हा फोरमनने फक्त रिलिव्हरच्या फेरीत दोन वेळा वाढवल्या. खिडकीवरचे काम याहून अवघड असेल असे मला वाटत नाही.

आमची अडचण वेगळी होती. खोली नव्हती. कपडे बदलण्याच्या जागेत पडदा लावून मी हाताने दूध काढत असे, कारण विजेचा पंप घेणे परवडणारे नव्हते. हाताने काढायला शिकणे पहिल्या आठवड्यात कटकटीचे वाटते, पण एकदा जमले की वीज, नळ्या आणि धुण्याचे दहा भाग या साऱ्यांतून सुटका होते. कामाच्या कपड्यांवर तेल-रसायने असतील तर ते बदलून, हात कोपरापर्यंत धुऊनच बसावे. आणि जिथे शिसे किंवा तत्सम विषारी द्रव्ये हाताळावी लागतात, तिथे डॉक्टरांशी बोलून कामाची जागाच बदलून मागावी, कारण शिसे दुधातही उतरते.

एकदा रिलिव्हर आजारी होता आणि सलग सहा तास जाता आले नाही. रात्री ताप भरला, एका बाजूला लालसर कडक गाठ आली. शेकून आणि जोरजोरात चोळून पाहिले, तर ती आणखी दुखू लागली.

समुपदेशिका

जोरात चोळण्याने सूज वाढते, म्हणून तसे झाले. पूर्वी आम्हीही गरम शेक, दाबून मालिश आणि स्तन पूर्ण रिकामा करणे असाच सल्ला देत असू. ॲकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिन या संस्थेने २०२२ साली आपली मार्गदर्शिका सुधारली, तेव्हापासून भर थंड शेकावर, सूज उतरवणाऱ्या औषधावर आणि नेहमीइतकेच पाजण्यावर आहे. खोल मालिश टाळावे आणि अधिक दूध काढून 'रिकामे' करण्याच्या मागे लागू नये, कारण त्याने निर्मिती वाढते व सूज उतरत नाही. ताप २४ तासांत उतरला नाही किंवा प्रकृती बिघडत गेली, तर डॉक्टरांकडे जावे. पाजणे मात्र थांबवू नये. ते बाळाला बाधत नाही.

शाईपेन

सर्वांचे मनापासून आभार. पत्र पुन्हा लिहायला घेतले आहे आणि त्यात खोलीविषयी आता एकच ओळ उरली आहे. घरची एक अडचण विचारते. मुलगी बाटली तोंडात धरतच नाही. मी दिली तर माझ्याकडे पाहून रडते, आणि रुजू होण्याचा दिवस जवळ येतो आहे.

अर्धावाटा

हे आमच्याही घरी घडले. आई समोर असताना मूल बाटली का घेईल? पत्नी घराबाहेर फेरी मारायला जाई आणि मी देत असे. पहिले चार दिवस त्याने फक्त निप्पल चावले, पाचव्या दिवशी प्याला. भूक अनावर होण्याआधी, तो खेळकर असतानाच द्यायला लागलो, त्याचा उपयोग झाला. अवांतर : पंपाचे भाग रात्री धुऊन वाळत घालणे आणि सकाळी पिशवी भरणे ही कामे वडिलांना उत्तम येतात.

समुपदेशिका

अर्धावाटा यांच्याशी सहमत. बाटली नाहीच घेतली तर लहान पेल्याने पाजावे. या वयाच्या बाळाला ते जमते. काही बाळे दिवसा थोडेच पितात आणि आई घरी आल्यावर, रात्रीही, भरपूर पिऊन तूट भरून काढतात. त्यात काळजीचे कारण नसते, आईची झोप मात्र मोडते. शक्य असेल तर आठवड्याच्या मध्यावर रुजू व्हा, म्हणजे पहिला आठवडा दोन-तीन दिवसांतच संपेल.

पाऊलखूण

मला चौथ्या महिन्यात हे सारे थांबवावे लागले, आणि नंतर मुलगा पावडरच्या दुधावर वाढला. मला वेळ मिळाला नव्हता, आणि मागता येतो हेच ठाऊक नव्हते. जिला काही कारणाने जमले नाही किंवा नको वाटले, तिने इथे येऊन अपराधी वाटून घेऊ नये, एवढ्यासाठी लिहिले.

शाईपेन

रुजू होऊन पाच आठवडे झाले, म्हणून वृत्तान्त लिहिते.

पत्रात अकरा वीस आणि दोन चाळीस या दोन वेळा, प्रत्येकी तीस मिनिटे, असे लिहून दिले. वरिष्ठांनी प्रथम विचारले, 'गर्दी नसेल तेव्हा जात जा ना.' गर्दी नसण्याची वेळ कोणती, ते त्यांनाच सांगता येईना. मग तक्त्यात माझ्या खिडकीसमोर एका सहकाऱ्याचे नाव आले. स्पष्टवक्ता यांचे शब्द लक्षात ठेवून मी त्यांना आधीच गाठले आणि आम्ही दोघांनी मिळून सांगितले की त्या वेळात तपासलेली कागदपत्रे त्यांच्या नावावर मोजली जावीत. आता नोंदवहीत तेवढा एक रकाना वाढला आहे.

दुसऱ्याच आठवड्यात ते सहकारी रजेवर गेले आणि सारी घडी विस्कटली. त्या दिवशी मी एकदाच जाऊ शकले, संध्याकाळपर्यंत छाती ठणकत होती आणि बसमध्ये कपडे भिजले. दुसऱ्या दिवशी रात्रपाळी यांच्या रिलिव्हरची गोष्ट वरिष्ठांना सांगितली. त्यांनी काही वेळ विचार केला आणि तक्त्यात एकाऐवजी दोन नावे घातली, पहिले नसेल तर दुसरे. लेखा विभागातली आणखी एक जण पुढच्या महिन्यात रजेवरून परतते आहे. तिला पत्र लिहावे लागू नये म्हणून तिचाही रकाना आत्ताच आखून ठेवला आहे.

मुलगी बाटली आजही घेत नाही, पेल्याने पिते आणि निम्मे सांडते. दिवसा दोनशे मिलिलिटर पुरते, बाकीचे रात्री वसूल होते, आणि माझी झोप त्यात जाते. पूरक आहार सुरू झाल्यापासून दुपारची वेळ थोडी पुढे सरकवता येते का ते पाहते आहे. खोलीच्या दारावर पाटी अजून लागलेली नाही, आणि मला तिची आठवणही झाली नाही.